आजीच्या कायमच्या पत्त्याबाबत लेखी खुलासा

तीर्थरूप मोठ्या आत्यास,

भिंगरीचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण ज्या बाकावर बसून हे लिहितोय तो तीन माणसांचा आहे आणि त्यावर आम्ही पाच जण आहोत. तेव्हा आठांपैकी जी काही अंगं मोकळी सापडली तेवढ्यांनी केलेला हा नमस्कार गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? धाकटी आत्या सांगत होती की हल्ली तू जिना चढताना मध्येच थांबतेस आणि कुणी बघितलंच तर भिंतीचा रंग तपासत असल्यासारखं करतेस. (हे तिने मला शपथ घालून सांगितलंय, तेव्हा तिला बोलू नकोस. बोललीसच तर माझं नाव घेऊ नकोस.) झोप लागते का? शेजारचे ते पेटी शिकणारे गृहस्थ अजून शिकतच आहेत का? इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे मी आहे आणि माझी पिशवी आहे आणि दोघंही एका गावात आहोत. मला एवढं क्षेम पुष्कळ झालं.

तू बजावलं होतंस की फोन करायचा नाही, लेखी कळवायचं, मुद्देसूद आणि एका पानात. तर मुद्दा असा की आज शुक्रवार आहे, दुपारचे पावणेदोन वाजलेत, नोंदणी कार्यालयाची तीन नंबरची खिडकी चारला बंद होते, माझ्या हातात शहाऐंशी नंबरचं टोकन आहे आणि वरच्या पाटीवर एकतीस दिसतोय. आजीच्या मृत्यूची नोंद करायचा अर्ज माझ्या मांडीवर आहे. त्यातल्या एकोणीस रकान्यांपैकी अठरा भरलेत. अकरावा कोरा आहे. अकराव्यात लिहिलंय : मृत व्यक्तीचा कायमचा पत्ता. (तुला हे सगळं ठाऊक आहे. पण मुद्देसूद लिहायचं म्हणजे ठाऊक असलेलंही लिहायचं, असं तूच चौथीत शिकवलंस. नीट कळावं म्हणून मला चौथीत दोन वर्षं बसवलंस, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही.)

खिडकीवरच्या बाई वाईट नाहीत. चष्मा दोरीला बांधलेला, दोरी गळ्यात, आणि तरी दर पाच मिनिटांनी 'माझा चष्मा कुठंय' म्हणून टेबल धुंडाळतात. मागच्या आठवड्यात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, एकच पत्ता लिहा. मी म्हटलं, बाई, चार आहेत. त्या म्हणाल्या, माणूस एक होता की चार? मी म्हटलं, ते तिला ओळखणाऱ्यांनासुद्धा नक्की सांगता यायचं नाही. त्यावर त्यांनी मला समजावून सांगितलं की दोन वेगवेगळ्या कागदांवर जो पत्ता सारखा असेल तो कायमचा. असे दोन कागद शुक्रवारी चारच्या आत आणले नाहीत तर दाखल्यावर 'निश्चित निवास नाही' असं छापून येईल. त्याचा वेगळा शिक्काच आहे त्यांच्याकडे. मला तो त्यांनी दाखवलासुद्धा. निळ्या शाईचा, चांगला ठसठशीत आहे.

खरं सांगू का, रागावू नकोस, पण पहिल्यांदा मला तो शिक्का आवडला. वाटलं, वा! त्र्याण्णव वर्षं फिरली, तेवीस देश पालथे घातले, मरणसुद्धा पिशवी मांडीवर ठेवून आलं, अशा बाईच्या नावापुढे यापेक्षा मोठी पदवी कुठली? मी तसं तुला फोनवर बोललोही. मग तू म्हणालीस, "चार पोरं जिवंत आहेत तिची. धर्मशाळेत नव्हती राहत ती." आणि ठेवून दिलास. तेव्हापासून तो शिक्का मला आवडेनासा झालाय. आज चारला तो आजीच्या नावावर उठू द्यायचा नाही, एवढं एकच काम डोक्यात घेऊन इथे बसलोय. पाटीवर पस्तीस.

तर कागद गोळा करायला मी प्रत्येक घरी गेलो. आधी थोरल्या काकांकडे, कारण ती गेली त्यांच्याकडे. त्यांच्या दवाखान्यात गर्दी होती आणि बसायला मोकळी अशी एकच खुर्ची होती, ती दात बघायची. मी तीत बसलो, काकांनी सवयीने ती मागे कलती केली, सवयीनेच मला तोंड उघडायला लावलं, आणि मग तासभर आजीविषयी तेच बोलत राहिले. मला 'आ' याशिवाय काही म्हणता आलं नाही. (खालची डावी दाढ किडली आहे म्हणाले. घरचं काम म्हणून ते लगेच सुरूही करणार होते.) त्यांनी पुलांपासून सुरुवात केली. आजोबा पुलांवर मुकादम, पूल झाला की बिऱ्हाड हललं. सोळा वर्षांत अकरा घरं. तू पहिल्या पुलावर झालीस, काका चौथ्यावर, बाबा सातव्यावर, धाकटी शेवटच्या अर्धवट राहिलेल्या पुलावर (काका म्हणतात म्हणूनच ती कुठलीच गोष्ट पुरी करत नाही. धाकटी म्हणते, दात अर्धवट कोरून जेवायला जाणाऱ्याने बोलू नये). प्रत्येक नव्या घरी आजी आधी सगळ्या खिडक्या उघडून बघायची, मग नळ, मग पोरांना ओळीत उभं करून मोजायची, आणि चारही भरली की म्हणायची, झालं, आलं घर. सामान नंतर आलं तरी चालायचं. एकदा सामान तीन आठवडे आलंच नाही. चौघांना एका तंबूच्या कापडात गुंडाळून ती स्वतः बाहेर पहाऱ्याला बसली होती आणि पहाटे आजोबा आले तेव्हा त्यांनाच तिने काठी मारली, हे काका इतकं रंगून सांगत होते की हातातलं यंत्र चालूच राहिलं आणि माझी जीभ थोडक्यात वाचली.

काकांचं म्हणणं सरळ आहे. ती त्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर गेली, तेव्हा पत्ता त्यांचा. तो प्रसंग तुला सगळ्यांनी वेगवेगळा सांगितला असेल, म्हणून काकांच्या कंपाउंडरने सांगितला तसा लिहितो. सकाळी साडेनऊला ती खाली येऊन पेशंटांच्या बाकावर बसली, बूट घातलेले, पिशवी मांडीवर. टॅक्सी बोलावली आहे म्हणाली. शेजारी एक दाढदुखीवाला होता, त्याला तिने लवंग दिली आणि डॉक्टर माझाच मुलगा आहे, घाबरू नका, लहानपणी फार भित्रा होता म्हणून आता जपून काढतो, असा धीर दिला. टॅक्सी आली. कंपाउंडर हाक मारायला आला, तर ती बसल्या जागी मान किंचित कलती करून गेलेली. दाढदुखीवाल्याला वाटत होतं डुलकी लागली आहे, आणि तो पिशवी घसरू नये म्हणून धरून बसला होता. टॅक्सीवाल्याला विचारलं, कुठे जायचं ठरलं होतं? तो म्हणाला, पत्ता दिलाच नव्हता. फोनवर म्हणाल्या, आधी ये तर, निघू तर दे, मग सांगते.

आता यावरून जे झालंय ते तुला माहीत नसेल. बाबांना खात्री आहे की ती आमच्याकडे यायला निघाली होती. धाकटीला खात्री आहे की तिच्याकडे, कारण आदल्या रविवारी फोनवर म्हणाली होती, आता कायमचीच येते. बाबांनाही ती हेच म्हणाली होती. काकांनाही म्हणाली होती, ती तर त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहत असताना! तीन घरांत तीन पलंग तयार आहेत, आत्या. आमच्याकडचा खिडकीशी, धाकटीकडचा भिंतीशी (तिला गार वारा सोसायचा नाही म्हणून), काकांकडचा तर नवा, अजून गादीवरचं प्लास्टिक काढलेलं नाही. मी तिन्हींवर एकेक रात्र झोपलो. कुठलाच वाईट नाही.

पाटीवर एकावन्न. पाणी प्यायला उठलो तर जागा गेली. आता खांबाला टेकून लिहितोय, अक्षर हललं तर समजून घे.

बाबांकडे (म्हणजे आमच्याच घरी, पण मी सात महिन्यांनी गेलो, तेव्हा आईने पाहुण्यासारखं विचारलं, किती दिवस आहेस?) मतदार यादीचा कागद मिळाला. पत्ता आमचा. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात हे तुला सांगायला नको, पण आयुष्यभर लोकांना वरखाली नेऊन ते स्वतः मात्र तळमजल्यावरून हलले नाहीत, आणि त्यांचं असं ठाम मत आहे की त्यांच्या आईचा स्वभाव मुळात घरबशा होता, परिस्थितीने तिला फिरवलं. मी हसलो तर त्यांनी पान्याने टेबल ठोकलं. मग आईने दोऱ्यांचा डबा काढला. आठवतात ना तुला ते दोरे? आजी नोकरीला लागली आणि बाहेरदेशी जायला लागली, तेव्हा निघण्याआधी प्रत्येक नातवंडाच्या पावलाचं माप दोऱ्याने घ्यायची, टाचेला एक गाठ, अंगठ्याला एक, आणि कुणाचा दोरा ते कळावं म्हणून प्रत्येकाचा रंग वेगळा. मग कुठल्या तरी दूरच्या बंदरात दुकानदाराच्या काउंटरवर नऊ दोरे पसरून नऊ जोड बूट घ्यायची. फक्त एक गोष्ट तिच्या कधी लक्षात आली नाही, की ती परत येईस्तो पावलं वाढलेली असायची. मग थोरल्याचे बूट दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला, असं खाली खाली सरकत जायचं. सगळ्यांत धाकट्याला दरवेळी दोन जोड मिळायचे आणि काकांचा थोरला अनवाणी. तो आता चपलांचा दुकानदार झालाय यात नवल नाही. माझा दोरा नारिंगी होता. डब्यात अजून आहे. मी पायाला लावून बघितला, टाचेपासून जेमतेम मधोमध येतो.

धाकटीकडे गेलो तेव्हा ती शिवणाच्या मशीनवर होती, आणि तिचं तुला ठाऊक आहे, मशीन थांबलं की तिचं बोलणंही थांबतं. म्हणून मी पायडल मारत बसलो आणि ती सांगत बसली. आजीच्या नोकरीचं सगळ्यांत जास्त तिलाच माहीत. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना आणि लहान पोरांना परदेशी त्यांच्या माणसांपर्यंत पोचवणारी कंपनी, आणि त्या कंपनीची सोबतीण आपली आजी. आजोबा गेल्यावर सत्तेचाळिसाव्या वर्षी लागली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कंपनीने हात जोडले तेव्हा सुटली. तेवीस देश पाहिले म्हणतो आपण, पण धाकटी म्हणते त्यातले निम्मे तिने प्रतीक्षालयातच पाहिले. जगातल्या मोठ्या मोठ्या शहरांबद्दल विचारलं तर आजी सांगायची, तिथले बाक पाठीला लागतात, तिथे फुकट गरम पाणी मिळतं, तिथल्या बाया रांगेत घुसतात पण लहान मूल बघितलं की वाट देतात. एका शहरात म्हणे जगात नाव असलेला मनोरा आहे. आजी त्याच्या पायथ्याशी पाच तास होती, पण सोबतच्या आजोबांची कवळी हरवली म्हणून खालीच बघत फिरली. कवळी मिळाली. मनोरा राहिला. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. म्हणायची, मनोरा काय, उभाच आहे, ते आजोबा मुलीला भेटून पहिल्यांदा हसणार होते. आणि पोचवणी झाली की स्वतःकडे दोन दिवस असले तरी फिरायची नाही, पहिल्या गाडीने परत. का तर म्हणे इकडे मोजायची माणसं आहेत.

धाकटीकडे वाचनालयाचं कार्ड मिळालं, पत्ता धाकटीचा. काकांकडे डोळ्यांच्या दवाखान्याचं, पत्ता काकांचा. नवा पासपोर्टही आहे, पण पत्त्याला तो चालत नाही. मी खिडकीवरच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, पासपोर्ट फिरायला असतो, राहायला नाही. म्हणजे तीन घरं, तीन कागद, तीन पत्ते, आणि ज्याने त्याने मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की माझाच लिही, आमच्या दोघांतच राहू दे. आजीने प्रत्येकाचं मन राखायला प्रत्येक कागदावर वेगळा पत्ता घातला आणि मला इथे खांबाला टेकवून ठेवलं.

पाटीवर अडुसष्ट. तीन वाजून दहा. बाई चष्मा शोधतायत, गळ्यातला.

आता तुझं. मी हे टाळत होतो हे तुला पहिल्या पानावरच कळलं असेल. तीन वर्षांपूर्वी तुझ्याकडे काय झालं ते मला प्रत्येक घरात वेगळं ऐकायला मिळालं, पण एवढं सगळ्यांत सारखं आहे : ती नव्वदीची, पाय सुजलेला, आणि तरी पुन्हा निघायच्या गोष्टी करत होती. तू तिचा पासपोर्ट काढून घेतलास. काढून घेतलास तो घेतलास, पण तुझ्या शाळेच्या सवयीने वहीत नोंद केलीस, 'एक पासपोर्ट, जप्त, पालकांना भेटल्यावर परत', आणि खाली तिची सही मागितलीस! (काका हे सांगताना हसत होते. मीही हसलो. मग दोघंही हसायचे थांबलो.) तिने सही केली नाही. तासाभरात पिशवी उचलून गेली आणि पुन्हा तुझ्या घरी आली नाही. तू कुणाला काही बोलली नाहीस. तिच्याशी मुख्याध्यापकांसारखी वागलीस असं सगळे म्हणतात, आणि तू मुख्याध्यापक होतीसच, तेव्हा वागणार कशी?

पण एक गोष्ट मला काकूंनी सांगितली, ती तुला कुणी सांगितली नसणार. दर रविवारी दहाला आजी फोनवर हजेरी घ्यायची ना, आधी थोरली, मग बाकीचे, जन्माच्या क्रमाने? तो क्रम तिने या तीन वर्षांत मोडला नाही. दर रविवारी पहिला फोन तुलाच लावायची. दोन रिंग होऊ द्यायची आणि ठेवायची. मग काकांचा नंबर वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्याला. काकूंनी एकदा विचारलं, उचलायची वाट का बघत नाही? तर म्हणाली, "उचलून काय करायचंय? वाजला म्हणजे फोन चालू आहे. तिने फोन चालू ठेवलाय म्हणजे ती आहे. हजेरी झाली." तुझ्याकडे रविवारी दहाला दोन रिंगा वाजायच्या का? तू काय समजत होतीस?

आणि आता चौथा कागद. धाकटीच्या बटणांच्या डब्यात तळाशी आजीचं कंपनीचं ओळखपत्र मिळालं, सत्तेचाळिसाव्या वर्षीचं, फोटोत केस काळे, नजर दाराकडे. पत्त्याच्या जागी, द्वारा, तुझं नाव. तुझी पहिली भाड्याची खोली नव्हे, पुढे विकत घेतलेलं हेच घर, कारण कार्डाचं पुढे नूतनीकरण झालं तेव्हा पत्त्यावर नवी पट्टी चिकटवली आहे. मी ते हातात घेऊन बसलो आणि पायडल थांबलं, तेव्हा धाकटीही थांबली. मग मशीन बंद असतानाच ती बोलली (माझ्या आयुष्यात पहिल्यांदा). म्हणाली, आई फिरायला लागली तेव्हा मी बारा वर्षांची होते. माझी वेणी कुणी घातली? दादाच्या कॉलेजचे अर्ज कुणी भरले? तिची पत्रं यायची ती कुणाच्या पेटीत यायची? ती सत्तावीस वर्षांची होती, भिंगऱ्या, तुझ्याएवढी. माझ्याएवढी असताना तू तिघांना वाढवत होतीस, आणि मी माझ्याएवढा असताना माझ्या एका पिशवीची चेन दुरुस्त होत नाही. आजी फिरली, सगळ्या जगाला ठाऊक आहे, तिच्या गोष्टी आम्ही अजून पन्नास वर्षं सांगू. पण फिरायला निघालेल्या माणसाला कागदावर घालायला एक पत्ता लागतो, आणि तो पत्ता तू होतीस. त्याच्या गोष्टी कुणी सांगत नाही, कारण त्यात काही घडत नाही, नुसता दिवा लागतो आणि दार असतं.

पाचवा कागद तिच्या पिशवीत होता, मागच्याच महिन्याचा, एका सहल कंपनीचा अर्ज. पत्ता तुझा. म्हणजे दोन कागद जुळतात.

नंबर लागला. थांब.

झालं. तीन वाजून बावन्न मिनिटांनी बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, बोटाने अक्षर अन् अक्षर लावून बघितलं, आणि म्हणाल्या, शेहेचाळीस वर्षांत या बाई हलल्याच नाहीत की हो. मी म्हटलं, हो ना, घरबशा होत्या. अकराव्या रकान्यात तुझा पत्ता आहे. शिक्का बाईंनी परत खणात टाकला.

काकांना, बाबांना आणि धाकटीला मी कार्यालयाचा नियम आहे असं सांगणार आहे. नियमापुढे कुणाचं चालत नाही. तू तब्येतीला जप, गोळ्या वेळेवर घे, आणि माझ्या अक्षराला नावं ठेवू नकोस, खांब गोल होता.

तुझा,
भिंगरी

ता. क. : एक राहिलं. पत्ता पक्का व्हायच्या आधी पडताळणी असते. मंगळवारी अकरा ते एकच्या दरम्यान कार्यालयाचा माणूस तुझ्याकडे येईल. तो एकच प्रश्न विचारतो म्हणे : त्या इथे राहत होत्या का? तू त्याला तारखा सांगू नकोस, वही दाखवू नकोस, खरं म्हणजे किती वर्षं, किती महिने असा हिशेब मांडू नकोस. नुसतं हो म्हण. तुला जड जाईल हे मला माहीत आहे. पण ते खोटं नाही.

ता. क. २ : पाचवा कागद पिशवीत मिळाला असं वर लिहिलंय ते अर्धंच खरं आहे. पिशवीत मिळाला, पण त्यावरचं अक्षर माझं आहे. मागच्या महिन्यात मी बसडेपोत सामानखोलीवर कामाला होतो, तिथे आजी आली, माझ्या स्टुलावर बसली आणि मलाच उभं करून तो अर्ज भरून घेतला. पाच दिवसांची तळ्याची सहल. मी इतके दिवस कुणाला बोललो नाही, कारण त्र्याण्णव वर्षांच्या बाईला सहलीचा अर्ज भरून देणारा गाढव कोण, असं तुम्ही विचारलं असतंत. ती टॅक्सी कुणाकडेच जाणार नव्हती, आत्या. सहलीची गाडी साडेदहाला सुटायची होती. हे त्या तिघांना सांगू नकोस, त्यांचे पलंग तयार आहेत. पण कायमच्या पत्त्यापाशी आल्यावर मी विचारलं होतं, कुणाचा घालू? ती म्हणाली, मोठीचा. मी म्हटलं, ती तर तुझ्याशी बोलत नाही. तर म्हणाली, "म्हणूनच. काही झालं-गेलं तर कुणीतरी दार उघडायला हवं ना? बाकीची तिन्ही सुखात आहेत, कुठेतरी गेलेली असतील. ही रागावून घरीच बसलेली असेल."

ता. क. ३ : आणि खरं काम. अर्ज देणाऱ्याचाही कायमचा पत्ता लागतो, एकोणिसावा रकाना (वर अठरा भरलेत म्हणालो ते खोटं, हाही कोराच होता). मी डेपोची नोकरी सोडली तेव्हा सामानखोलीवरची खोलीही सुटली. सध्या माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि बाईंचा हात खणातल्या शिक्क्याकडे जात होता. घाईत मी तोच पत्ता दुसऱ्यांदा लिहिला. तेव्हा तो माणूस मंगळवारी दोन प्रश्न विचारील. टपालाने हे पत्र मंगळवारच्या आत पोचणार नाही, म्हणून मीच घेऊन आलोय आणि दाराखालून आत सरकवलंय. मी जिन्यात आहे. बेल वाजवत नाही. तू घरीच असशील.